मामाच्या गाडीचे मोठे बूट

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात एक पत्र असं आलंय की बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी त्याचंच उत्तर द्यायचं ठरवलं. पत्र आठवीतल्या एका मैत्रिणीचं आहे. गाव डोंगरावरचं. तालुक्याला जायचं तर घाट उतरावा लागतो. ती लिहिते –

"बाई, माझ्या मामाने बोलेरोला मोठे टायर बसवले. गाडी आता एकदम झकास दिसते. पण गाडीत माणसं भरलेली असली की घाटाच्या वळणावर पुढच्या चाकाकडून खर्र खर्र आवाज येतो. मामा एकटा असला की येत नाही. टायर बसवणारे म्हणाले, थोडं प्लास्टिक घासून जाईल, मग आवाज आपोआप बंद होईल. आजीला दर पंधरा दिवसांनी याच गाडीतून दवाखान्यात नेतात. मला भीती वाटते, तर मामा म्हणतो, तुला काय कळतं त्यातलं! जुन्या टायरवर २१५/७५ आर १५ लिहिलं होतं. नव्यावर ३१ x १०.५० आर १५ लिहिलंय. बाई, आकडे तर लहान झाले, मग टायर मोठा कसा झाला?"

शाब्बास! आधी शाबासकी यासाठी, की पोरीने दोन्ही टायरवरचे आकडे वहीत उतरवून घेतले. आणि दुसरी शाबासकी "मामा एकटा असला की आवाज येत नाही" या वाक्यासाठी. तिला वाटलं असेल आपण सहज लिहिलं, पण सगळ्या कोड्याची किल्ली त्या एका वाक्यात आहे. तिकडे येऊच. पण आधी आकड्यांचा गुंता सोडवू. कागद-पेन्सिल घ्या बघू.

टायरवरचा आकडा म्हणजे मोठी गमतीची खिचडी आहे. २१५/७५ आर १५ यात पहिला आकडा टायरची रुंदी, ती मिलिमीटरमध्ये. म्हणजे २१५ मिलिमीटर. दुसरा ७५, तो मिलिमीटर नाही, तो शेकडेवारी आहे! टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, ते तो सांगतो. आणि शेवटचा १५ म्हणजे ज्या लोखंडी डिस्कवर टायर बसतो तिचा व्यास, तोही इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! परीक्षेत कुणी असं उत्तर लिहिलं तर मी एकके चुकली म्हणून अर्धा गुण कापला असता. पण जगभर हेच चालतं.

आणि तो आर? पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटतं की आर म्हणजे रेडियस, त्रिज्या. तसं नाही. आर म्हणजे रेडियल. टायरच्या रबराच्या आत धागे असतात. ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने घातलेले असले की त्या टायरला रेडियल म्हणतात. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली त्याचं पेटंट घेतलं.

आता मामाच्या जुन्या टायरचा व्यास काढा. भिंतीची उंची २१५ चे ७५ टक्के, म्हणजे १६१.२५ मिलिमीटर. भिंत वरही आहे आणि खालीही, म्हणून दुप्पट, ३२२.५. त्यात डिस्कचे १५ इंच मिळवायचे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून १५ इंच म्हणजे ३८१. बेरीज झाली ७०३.५ मिलिमीटर.

नवा टायर मात्र दुसऱ्या पद्धतीने लिहिलाय. तिथे पहिलाच आकडा पूर्ण व्यास आहे, ३१ इंच. दुसरा रुंदी, साडेदहा इंच. ३१ ला २५.४ ने गुणा, ७८७.४ मिलिमीटर. म्हणजे २१५ पेक्षा ३१ लहान दिसतो खरा, पण एक मिलिमीटर आहे आणि दुसरा इंच! तालुक्याच्या बाजारात "दोनशे ग्रॅम" आणि "दोन किलो" यांत दोनशे मोठे म्हणण्यासारखंच हे. (छापील आकडा आणि प्रत्यक्ष टायर यांत थोडे मिलिमीटर इकडेतिकडे होतात, कंपनीप्रमाणे. म्हणून शहाणा माणूस टेप लावून मोजतो.)

म्हणजे मामाचं चाक जवळजवळ ८४ मिलिमीटरने मोठं झालं. पण गाडी किती उंच झाली? ८४ ने नाही, ४२ ने. का बरं? कारण गाडी चाकाच्या मध्यावर, आसावर बसलेली असते. वाढलेल्या व्यासातला अर्धा भाग आसाच्या खाली गेला, त्याने गाडी उचलली. उरलेला अर्धा आसाच्या वर गेला. तो कुठे गेला? मडगार्डच्या पोटात! तिथे आधी जी मोकळी जागा होती ती ४२ मिलिमीटरने कमी झाली. पुढे बंपरच्या बाजूला ४२ ने कमी, मागे दाराच्या बाजूलाही ४२ ने कमी. रुंदीचंही तेच. साडेदहा इंच म्हणजे सुमारे २६७ मिलिमीटर, जुन्यापेक्षा ५२ ने जास्त. यातले निम्मे आतल्या बाजूला आणि निम्मे बाहेर.

मामाने हा खर्च का केला असेल, हेही समजून घ्यायला हवं. हौस तर आहेच. पण नुसती हौस म्हणून त्याला हसू नका. तुमच्या आजोबांची बैलगाडी आठवा. तिची चाकं माणसाच्या छातीइतकी उंच. लहान चाक खड्ड्यात पडलं की तिथेच बसतं, मोठं चाक त्याच खड्ड्यावरून सहज निघून जातं. चिखलातून, ओढ्यातून, दगडगोट्यांतून जायचं तर चाक मोठं हवं, हे आपल्या सुतार-लोहारांना मोटारी यायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. त्या चाकावर लोखंडी पट्टी चढवतात, तिला धाव म्हणतात. आगीत तापवून फुगवायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. आक्रसली की अशी घट्ट बसते की विचारू नका. तोच तेव्हाचा टायर. हवेचा टायर फार नंतर आला. रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पण तो चालला नाही, लोक विसरून गेले. मग १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने पुन्हा तो शोधला. कशासाठी, माहीत आहे? त्याच्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला फार हादरे बसत होते म्हणून!

तर मोठ्या चाकाचा फायदा खरा आहे. मग बैलगाडीचं चाक कधी कुठे घासत नाही आणि मामाचंच का घासतं? कारण बैलगाडीची चाकं साटीच्या बाहेर मोकळी असतात आणि गाडी वळवायला बैल आहेत, चाकाला मान वळवावी लागत नाही. मोटारीचं पुढचं चाक मात्र एका कोनाड्यात राहतं. तिथे ते नुसतं फिरत नाही. ते डावीउजवीकडे वळतं, आणि खड्डा आला की वरखालीही होतं. कोनाडा बांधताना कंपनीने या तिन्ही हालचाली मोजूनच जागा सोडलेली असते. गाडी दुकानासमोर उभी असताना मडगार्ड आणि टायर यांच्यात चार बोटं जागा दिसते, ती पाहून माणूस म्हणतो, "अरे, इथे तर हत्ती मावेल!" पण ती जागा रिकामी नाही. चाक वळताना आणि उडताना जिथे जाणार आहे, तिथली ती राखून ठेवलेली जागा आहे. लग्नाच्या पंगतीत पान मांडलंय, माणूस अजून आला नाही, म्हणून काही ते पान रिकामं होत नाही!

आता त्या किल्लीकडे या. मामा एकटा असला की आवाज नाही. माणसं भरली आणि वळण आलं की आवाज. का?

माणसं बसली की स्प्रिंगा आणि पाटे दबतात आणि गाडीचं अंग खाली येतं. म्हणजेच चाक कोनाड्यात वर चढतं. सरळ रस्त्यावर एवढ्याने कदाचित काही होत नाही. पण घाटाच्या नागमोडी वळणावर मामा स्टेअरिंगला फुल्ल कट मारतो. चाक तिरकं होतं, त्याचा पुढचा कोपरा बंपरकडे येतो आणि मागचा आतल्या प्लास्टिककडे जातो. शिवाय वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, म्हणून त्या बाजूचं चाक आणखी वर. त्यातच एक खड्डा आला की झालं! तीनही गोष्टी एका क्षणाला जमतात आणि टायर घासतो. म्हणून टायर घासतो की नाही हे सपाट जागी, रिकाम्या गाडीत कधीच कळत नाही.

आता "प्लास्टिक घासून जाईल, मग आवाज बंद होईल" या सल्ल्याचं बघू. मला हा सल्ला बिलकूल आवडलेला नाही. प्लास्टिक घासून जाईल हे खरं. पण त्याच्या मागे काय आहे? पत्र्याची कड, स्क्रूची टोकं, कुठे वायर. चाकाजवळच ब्रेकची रबरी नळी असते. आतल्या बाजूला सस्पेन्शनचे दांडे आणि चासी आहे. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जाड असतो, तो थोडा घासला तर फार बिघडत नाही. पण टायरची भिंत पातळ असते, आणि भिंतीला चीर गेली तर तिला पंक्चरसारखं ठिगळ लावून भागत नाही. टायरच बदलावा लागतो. चीर घाट उतरताना गेली तर काय होईल ते मी लिहीत नाही. आमच्या मैत्रिणीला ते कळलेलंच आहे, म्हणून तर तिने पत्र लिहिलं.

मग उपाय काय? गॅरेजमध्ये चार-पाच उपाय सांगतात. प्रत्येकाने थोडं मिळतं आणि थोडं जातं. ते कसं, हे पाहण्यासारखं आहे.

एक उपाय म्हणजे चाक बाहेर सरकवायचं. बाहेर उभ्या राहणाऱ्या रुंद डिस्क मिळतात, किंवा मधे जाड चकती घालतात, तिला स्पेसर म्हणतात. आतल्या दांड्यांना चाक लागत असेल तर याने नक्की सुटतं. पण एक प्रयोग करा. वर्गाच्या मधोमध उभे राहा, हात छातीशी घ्या आणि गिरकी घ्या. कुणाला लागत नाही. आता हात लांब पसरून गिरकी घ्या. शेजारच्याच्या नाकाला प्रसाद! चाकाचंही असंच. वळताना ते ज्या खुंटीभोवती फिरतं ती खुंटी आतल्या बाजूला आहे. चाक जितकं बाहेर, तितकी त्याची गिरकी मोठी. आतलं घासणं थांबलं आणि बंपरचं घासणं सुरू झालं, अशी तक्रार घेऊन लोक परत येतात ती यामुळेच. शिवाय बेअरिंगवरचा ताण वाढतो, तो वेगळाच.

दुसरा उपाय सगळ्यांना आवडतो. गाडी उचलायची. जास्त उंच स्प्रिंगा घालून अंग वर करायचं. ऐटबाज दिसतं. पण यात एक मोठी फसगत आहे. समजा तुमच्या घरच्या लाकडी बाकावर पातळ गादी आहे. मामा धपकन बसला की गादी दबून तो फळीला टेकतो. आता तुम्ही जाड गादी घातली. बाक उंच दिसेल, हळू बसलं तर मामा उंचही बसेल. पण मामाने उंचावरून उडी मारली तर? शेवटी टेकणार त्याच फळीला! गाडीतही शेवटी एक रबरी ठोकळा असतो, चाक त्यापलीकडे वर जाऊ नये म्हणून. स्प्रिंग उंच केली तरी ठोकळा तिथेच राहिला, तर मोठ्या खड्ड्यात चाक पूर्वी जितकं वर जात होतं तितकंच वर जाणार. म्हणजे घासणं कमी वेळा होईल, पण बंद होणार नाही. ते पूर्ण थांबवायचं तर ठोकळाही जाड करावा लागतो. मग चाकाची वरखाली होण्याची जागा कमी झाली, आणि हादरे आजीच्या कंबरेला! त्यात गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो. उसाने वरपर्यंत भरलेली ट्रॉली वळणावर कशी डुलते, ते तुम्ही पाहिलंच असेल.

तिसरा उपाय, चाकाला पूर्ण वळूच द्यायचं नाही. पुष्कळ गाड्यांत त्यासाठी एक बोल्ट असतो, तो थोडा बाहेर काढला की कट कमी बसतो. घासणं थांबतं. पण मग गाडीला वळायला जास्त जागा लागते, आणि ज्या वळणावर मामा एका दमात वळत होता तिथे त्याला मागेपुढे करावं लागेल. घाटात, मागून एस.टी. येत असताना!

चौथा उपाय सगळ्यांत साधा. चिखलाचा रबरी पडदा थोडा मागे सरकवायचा, प्लास्टिकचं अस्तर क्लिपा काढून मागे दाबून बसवायचं, बंपरच्या प्लास्टिकचा कोपरा थोडा छाटायचा. दोन-चार मिलिमीटरची, फार तर एक-दोन सेंटिमीटरची भानगड असेल तर एवढ्यावर भागतं. पण ४२ मिलिमीटरची भानगड त्याने मिटेल असं मला वाटत नाही. आणि पत्रा कापायच्या भरीस तर पडूच नये.

बरं, घासणं एकवेळ थांबवलं. तरी मोठ्या चाकाचा हिशेब संपत नाही. सातवी-आठवीच्या पोरांनी पुढचं गणित माझ्याबरोबर करा, बाकीच्यांनी उत्तरं वाचली तरी चालेल.

जुन्या चाकाचा परीघ व्यास गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे २.२१ मीटर. नव्याचा सुमारे २.४७ मीटर. एक किलोमीटर जायला जुनं चाक सुमारे ४५२ फेरे घेत होतं, नवं ४०४ फेऱ्यांत पोचतं. आता गंमत बघा. गाडीचं वेगाचं मीटर रस्ता बघत नाही. ते फेरे मोजतं आणि चाक जुनंच आहे असं समजून वेग सांगतं. म्हणजे मीटर ६० दाखवत असेल, तेव्हा त्याच्याच हिशेबाने चाक सुमारे ६७ ने पळत असतं! आता कंपन्या मुळात मीटर असं ठेवतात की ते खऱ्यापेक्षा थोडं जास्तच दाखवेल, कमी कधीच दाखवणार नाही. तेवढी शिल्लक मामाच्या कामी येईल, पण बारा टक्के म्हणजे फार झाले. किलोमीटरही कमी पडतील. शंभर किलोमीटर गेल्यावर मीटरवर ८९ दिसतील. मग मामा म्हणेल, "गाडी ॲव्हरेज देत नाही हो!" देत असेल बिचारी, मोजणाराच कमी मोजतोय. (अर्थात मोठा टायर जड असतो, म्हणून डिझेल थोडं जास्त जाईलच.)

आणखी एक. विहिरीवरचा रहाट आठवा. ज्या लाकडावर दोर गुंडाळला जातो ते जाड केलं तर एका फेऱ्यात बादली जास्त वर येते, पण दांडा फिरवायला जोर जास्त लागतो. चाक मोठं करणं म्हणजे हेच. इंजिन तेवढंच, पण रस्त्यावर पडणारी ओढ सुमारे साडेदहा टक्क्यांनी कमी. चढावर एक गिअर आधी उतरावा लागेल. हे एकवेळ चालेल. पण ब्रेकचंही हेच आहे! पाय तेवढाच दाबला तर गाडीला थांबवणारा जोरही तितकाच कमी. आवाज तर कानाला ऐकू येतो. हे ऐकू येत नाही, म्हणून मला त्या खर्र खर्रपेक्षा याची जास्त काळजी वाटते.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण मामाला ते उपयोगी पडेल. मोटार वाहन कायदा १९८८ चं ५२ वं कलम गाडीतल्या बदलांविषयी आहे. कंपनीने जे मूळ मोजमाप ठरवून दिलं, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये एका निकालात हेच सांगितलं. तेव्हा टायर घ्यायच्या आधी गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडावं. त्यात कोणतं माप चालतं ते लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पट्टीही चिकटवलेली असते. आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय तर असलं काही करूच नये. अपघातानंतर पहिला प्रश्न तोच निघतो.

आता आमच्या मैत्रिणीने करायचं काय? मामाशी वाद घालू नकोस. "बाईंनी लिहिलंय" असंही सांगू नकोस, त्याने मामा लोक आणखी चिडतात! त्याला फक्त एक पांढरा खडू दे.

होय, शाळेतला खडू. मामाला म्हणावं, पुढच्या दोन्ही टायरच्या कडांना आणि भिंतींना, आतून आणि बाहेरून, खडूने जाड रेघा ओढ. मग एखाद्या मोकळ्या सपाट मैदानात घरची माणसं गाडीत बसवून, अगदी बैलाच्या चालीने गाडी चालव. डावीकडे फुल्ल कट मारून पुढे आणि मागे. मग उजवीकडे. त्यानंतर एका पुढच्या चाकाखाली वीतभर उंचीचा मातीचा कट्टा येईल असं कर आणि चाक वर चढलेलं असताना पुन्हा दोन्हीकडे कट मार. मग दुसऱ्या चाकाचं तसंच. गाडी बंद करून, हँडब्रेक ओढून, बॅटरी घेऊन कोनाड्यात बघ. जिथे जिथे पांढरं लागलंय तिथे तिथे टायर टेकलाय. आधीचं घासलेलं काळं, चकचकीत झालेलं दिसेल, तेही बघ. ब्रेकच्या नळीजवळ पांढरं दिसलं तर त्या दिवसापासून गाडी उभी. हे सगळं मामानेच करायचं. चाकं फिरत असताना पोरांनी लांब उभं राहायचं आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीच, अगदी मामानेही, डोकं घालायचं नाही. मला खात्री आहे, कुणाच्या सांगण्यापेक्षा आपल्याच गाडीवरची पांढरी रेघ मामाला लवकर पटेल.

आणि मग? माझं मत विचारशील तर ते ३१ इंची टायर द्यावेत विकून. थोडं नुकसान होईल, होऊ दे. जुन्याच मापाचा, पण खोल नक्षीचा, मातीतही आणि डांबरावरही चालणारा टायर मिळतो, तो घ्यावा. चिखलात गाडी अडकते ती बहुतेक वेळा झिजून तुळतुळीत झालेल्या टायरमुळे, दोन बोटं उंची कमी पडल्यामुळे नाही. आणि मामाचं मन अगदीच मानत नसेल, तर बाजारात २३५/७५ आर १५ असंही एक माप आहे. त्याचा व्यास आता तुम्हाला काढता येईल. ७३३.५ मिलिमीटर. म्हणजे गाडी पंधरा मिलिमीटर उंच, मीटर ६० दाखवेल तेव्हा खरे साडेबासष्ट. कोनाड्यात जागा पंधरा मिलिमीटरने कमी होईल, ४२ ने नाही. पण तिथेही पुस्तक, विमा आणि खडू हे तिन्ही आधी, पैसे नंतर. आणि टायर घ्यायचे तर पाच, चार नाहीत. स्टेपनी जुन्या मापाची ठेवली तर पंक्चर झाल्यावर एक चाक लहान, एक मोठं, अशी लंगडी गाडी घाट उतरणार.

मैत्रिणी, खडूची परीक्षा झाली की पांढऱ्या खुणा कुठे कुठे निघाल्या त्याचं चित्र काढून मला पाठव. आजीलाही माझा नमस्कार सांग.

बाकीच्यांसाठी या आठवड्याचं कोडं. महिंद्राच्या थार गाडीला, २०२० साली नवी आली तेव्हा, वेगवेगळ्या प्रकारांत दोन मापांचे टायर होते. एक २४५/७५ आर १६ आणि दुसरा २५५/६५ आर १८. यातलं कोणतं चाक मोठं, आणि किती मिलिमीटरने? दुसऱ्याची डिस्क दोन इंचांनी मोठी आहे, म्हणून चाकही दोन इंचांनी मोठं, असं घाईने लिहून पाठवू नका हं! मांडणीसकट उत्तर पोस्टकार्डावर लिहा. बरोबर उत्तर पुढच्या अंकात.